बॅटमन बियाँड

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एक सचेतनपट-मालिका. वार्धक्यामुळे कार्यातून निवृत्त झालेला बॅटमन आणि त्याचे नाव व पोशाख धारण करणारा त्याचा तरुण उत्तराधिकारी हा या मालिकेचा विषय होय. वॉर्नर ब्रदर्स ॲनिमेशन या संस्थेने तिची निर्मिती केली. १० जानेवारी १९९९ रोजी डब्ल्यूबी या दूरचित्रवाणी-जालावर तिचा प्रारंभ झाला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तिचा शेवटचा भाग दाखविण्यात आला. तीन पर्वांत मिळून तिचे ५२ भाग झाले. काही देशांत ही मालिका ‘बॅटमन ऑफ द फ्यूचर’ या नावाने दाखविली गेली. मुलांसाठीच्या कार्यक्रमांत प्रक्षेपित झालेल्या या मालिकेने वार्धक्य, उत्तराधिकार आणि वारशाचा भार यांसारखे प्रौढ विषय हाताळले, हे तिचे वैशिष्ट्य मानले जाते.

पूर्वपीठिका : बॅटमन ही व्यक्तिरेखा बॉब केन (१९१५–९८) आणि बिल फिंगर (१९१४–७४) यांनी निर्माण केली. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या चित्रकथा-मासिकाच्या सत्ताविसाव्या अंकात ती प्रथम अवतरली. बालपणी डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झालेला ब्रूस वेन हा धनाढ्य तरुण रात्री वटवाघळाच्या वेषात गॉथम या कल्पित नगरीतील गुन्हेगारांशी लढतो, अशी तिची मूळ कल्पना आहे. अन्य अनेक महानायकांप्रमाणे त्याच्या ठायी दैवी वा अतिमानवी शक्ती नाही. शरीराचे कठोर प्रशिक्षण, तर्कबुद्धी आणि यांत्रिक साधने एवढेच त्याचे बळ होय. बंदूक न वापरणे व कोणाचा जीव न घेणे, हा त्याचा नियम पुढे रूढ झाला. १९४० मध्ये त्याला रॉबिन हा बालसाहाय्यक मिळाला.

चित्रकथांतील नायकाचे वय सामान्यतः वाढत नाही. दशकांमागून दशके लोटली, तरी तो तिशीच्या आसपासच राहतो. मात्र ज्याचे बळ सर्वस्वी मानवी शरीरावर अवलंबून आहे, त्या नायकाच्या बाबतीत वयाचा प्रश्न केव्हा ना केव्हा उपस्थित होणे अपरिहार्य होते. फ्रँक मिलर यांनी ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६) या चित्रकथेत निवृत्तीनंतर पुन्हा रणात उतरणारा पन्नाशी उलटलेला बॅटमन रंगविला. त्यांचा नायक वयाशी झुंजून स्वतःच परत येतो. ‘बॅटमन बियाँड’ मधील नायकाला मात्र परत येणे शक्यच नाही. ही मर्यादा मान्य करून पुढे काय, असा प्रश्न या मालिकेने विचारला.

निर्मिती : १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटमन : द ॲनिमेटेड सीरीज’ या मालिकेने अमेरिकन सचेतनपटांच्या क्षेत्रात मोठी प्रतिष्ठा मिळविली होती. काळ्या कागदावर रंगविलेली पार्श्वचित्रे, १९३०–४० च्या दशकांतील वास्तुशैलीची छाप आणि गंभीर कथानके ही तिची वैशिष्ट्ये होत. तिच्या उत्तरमालिकेनंतर डब्ल्यूबी या जालाच्या चालकांना लहान वयाच्या प्रेक्षकांसाठी तरुण बॅटमनची मालिका हवी होती. ब्रूस टिम, पॉल डिनी आणि ॲलन बर्नेट या निर्मात्यांपुढे त्यामुळे पेच उभा राहिला. ब्रूस वेनलाच शाळकरी मुलगा केल्यास आधीच्या मालिकांनी उभे केलेले सर्व कथाविश्व पुसले गेले असते. काळ मागे नेण्याऐवजी त्यांनी तो पुढे नेला आणि जुन्या नायकाला वृद्ध करून त्याच्या जागी नवा तरुण आणला. व्यापारी गरजेतून आलेल्या मागणीला दिलेले हे उत्तर मालिकेच्या आशयाचा पाया ठरले.

ब्रूस वेनच्या भूमिकेस १९९२ पासून आवाज देणारे केव्हिन कॉनरॉय (१९५५–२०२२) यांनीच वृद्ध ब्रूसलाही आवाज दिला. प्रेक्षकांच्या ओळखीचा तोच आवाज आता खरखरीत, थकलेला व तुसडा झाला होता. दोन मालिकांमधील काळाचे अंतर त्यातून शब्दांवाचून व्यक्त होई. नायक टेरी मॅगिनिस याला विल फ्रीडल यांनी आवाज दिला. स्वरदिग्दर्शन अँड्रिया रोमानो यांचे, तर दिग्दर्शकांत कर्ट गेडा, डॅन रिबा, बुच लुकिच आदींचा समावेश होता.

कथानक : ‘रीबर्थ’ या दोन भागांच्या प्रारंभकथेत प्रथम पन्नाशीतला बॅटमन दिसतो. शरीराची उणीव भरून काढण्यासाठी त्याने यांत्रिक बळ देणारा नवा पोशाख चढविलेला आहे. अपहृत तरुणीची सुटका करीत असता त्याला हृदयविकाराचा झटका येतो. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना तो जवळ पडलेले पिस्तूल उचलून रोखतो आणि प्रतिस्पर्धी पळ काढतो. गोळी सुटत नाही. परंतु आयुष्यभर पाळलेला नियम आपण मोडण्याच्या बेतात होतो, हे त्याला पुरते कळते. त्याच रात्री तो पोशाख कायमचा उतरवून गुहेतील दिवे मालवितो. बॅटमनची कारकीर्द शत्रूच्या हातून न संपता एका नैतिक मर्यादेपाशी संपते, ही येथील लक्षणीय गोष्ट होय.

यानंतर कथा वीस वर्षे पुढे जाते. काळ इ. स. २०३९ च्या सुमाराचा आहे. गगनचुंबी मनोऱ्यांनी आणि हवेतून धावणाऱ्या वाहनांनी भरलेल्या या नगरीला आता नव-गॉथम म्हणतात. ब्रूस वेनचा उद्योग डेरेक पॉवर्स या निष्ठुर उद्योगपतीने बळकावला आहे आणि ब्रूस आपल्या जुन्या वाड्यात एस नावाच्या कुत्र्याच्या सोबतीने एकाकी दिवस कंठतो आहे. टेरी मॅगिनिस हा शाळकरी मुलगा ‘जोकर्झ’ नामक टोळीच्या तावडीतून निसटत वाड्याच्या फाटकाशी येतो. तेथे तो वृद्ध काठीच्या आधाराने टोळीशी लढतो आणि मुलाच्या मदतीने त्यांना पिटाळतो. दमलेल्या ब्रूसला घरात नेत असताना टेरीला वाड्याखालच्या गुहेचा शोध लागतो. त्याच रात्री त्याच्या वडिलांचा खून होतो. पॉवर्सचा कारखाना विषारी वायू तयार करतो, याचा पुरावा वडिलांच्या हाती आलेला असतो.

ब्रूस मदत करीत नाही असे पाहून टेरी पोशाख चोरतो. ब्रूस दुरून कळ दाबून तो पोशाख निकामी करतो. पॉवर्सच्या माणसांचा मार खाणारा टेरी, आपल्याला पोशाख का हवा आहे, हे त्याला निकराने सांगतो आणि ब्रूस पोशाखाला पुन्हा चेतना देतो. या एका प्रसंगात मालिकेचा सारा संबंध सामावलेला आहे : वारसा देणाऱ्याच्या हाती तो परत घेण्याची कळही असते आणि ती न दाबण्याचा निर्णय त्याला करावा लागतो. पुढे ब्रूस टेरीला वरकरणी आपला मदतनीस म्हणून नोकरीस ठेवतो. विषारी वायूची बाधा झालेला पॉवर्स उपचारार्थ घेतलेल्या किरणोत्सर्गामुळे ‘ब्लाइट’ हा तेजस्वी अस्थिपंजराचा खलनायक बनतो.

गुरु-शिष्य संबंध : टेरी ही ब्रूसची प्रतिकृती नाही. त्याच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे. अल्पवयात वाईट संगतीने त्याने बालसुधारगृहात तीन महिने काढलेले आहेत. तो तोंडाळ, विनोदी व उतावळा आहे. आपल्या पूर्वीच्या चुकीची भरपाई करण्याची इच्छा ही त्याच्या कार्यामागील एक प्रेरणा होय. ब्रूसप्रमाणे तो एकटाही नाही. आई, धाकटा भाऊ मॅट, प्रेयसी डेना टॅन आणि त्याचे गुपित ओळखणारी हुशार मैत्रीण मॅक्स गिब्सन यांच्याशी तो जोडलेला आहे. बुडालेली शाळा, न पाळलेल्या भेटी, झोपेचे कर्ज या रूपांत त्याच्या व्रताची किंमत मालिकेत वारंवार मोजली जाते.

ब्रूस गुहेतील पडद्यांवर टेरीच्या पोशाखातून येणारी दृश्ये पाहतो आणि त्याच्या कानात बोलत राहतो. तरुणाचे शरीर व वृद्धाची स्मृती मिळून एक बॅटमन होतो. ही रचना केवळ सोयीची नाही. तीतून सततचा तणाव निर्माण होतो. पूर्वी बॅटगर्ल म्हणून ब्रूसबरोबर लढलेली आणि आता पोलीस आयुक्त झालेली बार्बारा गॉर्डन या नव्या प्रयोगाकडे संशयाने पाहते. ब्रूसच्या सहवासात तरुणांचे काय होते, हे तिने स्वतः अनुभवलेले असते.

‘श्रीक’ या भागात ध्वनितज्ज्ञ असलेला खलनायक ब्रूसच्या डोक्यात आवाज उमटवून त्याला वेडा ठरविण्याचा व आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा डाव रचतो. तो आवाज आपल्या मनाचा नव्हे हे आपण कसे ओळखले, याचे ब्रूसने टेरीला दिलेले कारण मार्मिक आहे : आवाज त्याला ब्रूस म्हणून हाक मारीत होता आणि तो स्वतः मनात स्वतःला त्या नावाने संबोधीत नाही. पोशाख उतरवून वीस वर्षे झाली, तरी नाव उतरलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. तेच नाव आता दुसराही धारण करतो, ही या संबंधातील खरी अडचण होय. उलटपक्षी ‘लॉस्ट सोल’ या भागात एका मृत उद्योगपतीचे संगणकात जतन केलेले मन पोशाखाचाच ताबा घेते आणि टेरीला त्या पोशाखाशी पोशाखाविना लढावे लागते. वस्तू हा वारसा नव्हे, हे येथे सूचित होते.

वारशाची अन्य रूपे : उत्तराधिकाराचा विषय केवळ दोन प्रमुख पात्रांपुरता मर्यादित नाही, खलपात्रांच्या कथांतूनही तो वेगवेगळ्या अंगांनी मांडलेला आहे. ‘असेन्शन’ या भागात डेरेक पॉवर्सचा मुलगा पॅक्स्टन वडिलांच्या दुर्दशेचा फायदा घेऊन उद्योग हस्तगत करतो. येथे वारसा म्हणजे केवळ मालमत्ता आहे आणि तो विश्वासघाताने मिळतो. ‘रॉयल फ्लश गँग’ हे पत्त्यांच्या वेषातील गुन्हेगार कुटुंब आहे. त्यातील मेलनी ही मुलगी कुळाचा धंदा सोडू पाहते, तेव्हा घरची ओढ व स्वतःचा विवेक यांत ती ओढली जाते. जोकर्झ टोळीतील तरुणांनी एका गतकालीन गुन्हेगाराचा रंग आणि हास्य तेवढे उचलले आहे. अर्थ न कळता केलेल्या अनुकरणाचे ते उदाहरण होय.

यांतील सर्वांत भेदक रूप ‘आउट ऑफ द पास्ट’ या भागात आढळते. ब्रूसची पूर्वीची प्रेयसी टालिया त्याला पुनर्यौवन देणाऱ्या कुंडात स्नान करविते. क्षणभर तो पुन्हा तरुण होतो आणि टेरीची गरज उरत नाही, असे वाटू लागते. परंतु टालियाच्या देहात प्रत्यक्षात तिचा पिता रेश अल गूल वास करीत असतो. मृत्यू टाळण्यासाठी त्याने मुलीचे शरीर बळकावलेले असते आणि आता त्याला ब्रूसचे शरीर हवे असते. मुलीला आपले कार्य सोपविण्याऐवजी तिलाच गिळणारा हा पिता, आणि आपली शक्ती संपली हे स्वीकारून परक्या मुलाच्या हाती पोशाख देणारा ब्रूस, यांचा विरोध येथे स्पष्ट होतो. पुत्राकडे तारुण्य मागणाऱ्या ययातीची महाभारतातील कथा भारतीय वाचकाला येथे सहज आठवावी.

‘रिटर्न ऑफ द जोकर’ : मालिकेवर आधारित हा दीर्घ सचेतनपट (२०००) पॉल डिनी यांनी लिहिला व कर्ट गेडा यांनी दिग्दर्शित केला. मृत समजला गेलेला जोकर नव-गॉथममध्ये पुन्हा दिसू लागतो. मागील कथेचा उलगडा असा, की जोकरने पूर्वी टिम ड्रेक या किशोरवयीन रॉबिनला पळवून, छळ करून त्याला आपल्यासारखे बनविण्याचा प्रयत्न केला होता. त्या वेळी त्याच्या मानेत बसविलेल्या सूक्ष्म यंत्रात जोकरने आपले मन साठवून ठेवले होते आणि अनेक वर्षांनी ते प्रौढ टिमच्या देहातून जागे होते. दुसऱ्याच्या देहात स्वतःला लादणे हे उत्तराधिकाराचे विकृत रूप येथेही आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्रूसच्या अंतःकरणातील भय प्रथमच उघड होते. एका मुलाला आपल्या युद्धात ओढल्याचे परिणाम त्याने पाहिलेले असतात. म्हणूनच जोकर परतताच तो टेरीकडे पोशाख परत मागतो. कार्य पुढे चालावे ही इच्छा आणि मुलाचा बळी जाऊ नये ही इच्छा यांतील हा संघर्ष संपूर्ण मालिकेचा गाभा आहे.

शेवटच्या द्वंद्वात जोकरच्या बडबडीकडे लक्ष देऊ नये, हा ब्रूसचा उपदेश टेरी झुगारतो. तो उलट बोलतो, जोकरच्या विनोदांची थट्टा करतो व त्यालाच हास्यास्पद ठरवितो. गंभीर वृत्तीच्या ब्रूसला हे कधी जमले नसते. शिष्य गुरूच्या शिकवणीने तेथवर येतो. जिंकतो मात्र स्वतःच्या स्वभावाने.

एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेविषयी अमेरिकेत तीव्र चर्चा सुरू झाली होती. त्यामुळे हा चित्रपट डिसेंबर २००० मध्ये काटछाट करून वितरित करण्यात आला. मूळ आवृत्तीत टिमच्या हातून जोकर मारला जातो, तर सुधारित आवृत्तीत त्याचा मृत्यू विजेच्या धक्क्याने अपघाताने होतो. मूळ आवृत्ती एप्रिल २००२ मध्ये उपलब्ध झाली. मुलाच्या हातून घडलेली हत्या वगळल्याने टिमच्या पुढील आयुष्यावरील छायेचे कारणच सौम्य झाले होते. म्हणून दोन आवृत्त्यांतील फरक केवळ तपशिलाचा नव्हे.

चित्रशैली व संगीत : ब्रूस टिम यांच्या सरळ, कोनदार व मितव्ययी रेषांची शैली येथे अधिक धारदार झाली. नव्या पोशाखाला बॅटमनची ओळख असलेला झगा नाही. संपूर्ण काळ्या देहावर वटवाघळाचे लाल चिन्ह आहे आणि काखेतून उघडणारे पंख व बुटांतील अग्निबाण यांमुळे तो उडू शकतो. शीर्षकदृश्य चित्रकथाकार डार्विन कुक यांनी रचले. शर्ली वॉकर (१९४५–२००६) यांनी आधीच्या मालिकेसाठी वाद्यवृंदप्रधान संगीत दिले होते आणि त्या काळात काही तरुण संगीतकारांना हाताशी धरून घडविले होते. त्यांपैकी ख्रिस्टोफर कार्टर, लोलिता रिट्मानिस व मायकेल मॅकविस्टन यांनी वॉकर यांच्यासह या मालिकेचे संगीत केले. विद्युत-गिटार व इलेक्ट्रॉनिक ध्वनींवर आधारलेले हे संगीत जुन्या धाटणीपासून जाणीवपूर्वक दूर गेले. पडद्यावरील उत्तराधिकाराला समांतर असा हा पडद्यामागील उत्तराधिकार होय.

उत्तरकथा : मालिकेचा निर्माता-वर्ग २००१ अखेर ‘जस्टिस लीग’ या नव्या मालिकेकडे वळला आणि ‘बॅटमन बियाँड’ विधिवत समारोपाविना थांबली. तो समारोप २००५ मध्ये ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ या मालिकेतील ‘एपिलॉग’ या भागात करण्यात आला. त्यात टेरी हा जनुकीय दृष्ट्या ब्रूसचाच पुत्र असल्याचे उघड होते. अमांडा वॉलर या शासकीय अधिकारी स्त्रीने बॅटमननंतर जगाला दुसरा बॅटमन मिळावा म्हणून टेरीच्या वडिलांच्या नकळत हा प्रयोग घडवून आणलेला असतो. ब्रूसप्रमाणे टेरीलाही पोरके करण्यासाठी तिने मारेकरीण नेमली होती. परंतु तिने ऐन वेळी नकार दिला आणि वॉलरनेही बेत सोडला.

या उलगड्याविषयी मतभेद आहेत. टेरीची निवड रक्ताने नव्हे तर कर्माने झाली, हे मूळ मालिकेचे मर्म यामुळे दुबळे होते, असा आक्षेप घेता येतो. त्याला उत्तर असे, की वॉलरची योजना तिच्या निर्णायक टप्प्यावर निष्फळ ठरली होती. आईवडील वाचले, टेरी वेगळ्या घरात वेगळ्या स्वभावाचा वाढला आणि वाड्याच्या फाटकापाशी आला तो योगायोगाने. शिवाय सत्य कळल्यावर टेरी कार्य सोडत नाही. जन्माने लादलेले म्हणून नव्हे, तर आपण स्वीकारलेले म्हणून तो ते पुढे चालवितो. तथापि आक्षेपाचे बळ संपूर्ण नाहीसे होत नाही, हेही मान्य करावे लागते.

मूल्यमापन : मालिकेला २००१ मध्ये विशेष वर्गातील सचेतनपटासाठी डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. ‘द झीटा प्रोजेक्ट’ (२००१–०२) ही तिच्यातील एका पात्रावर आधारित स्वतंत्र मालिका होय. टेरी मॅगिनिस पुढे डीसी प्रकाशनाच्या चित्रकथांतही स्थिरावला. दूरचित्रवाणीसाठी निर्माण झालेले पात्र मूळ माध्यमात स्वीकारले जाण्याचे हे एक उदाहरण आहे. मालिकेचे सर्व भाग सारख्या गुणवत्तेचे नाहीत. शालेय जीवनावरील काही कथा ठरावीक वळणाच्या आहेत आणि ब्लाइट पहिल्या पर्वाअखेर नाहीसा झाल्यावर त्याच्या तोडीचा कायम प्रतिस्पर्धी उभा राहिला नाही.

तरीही महानायकांच्या कथांत सहसा टाळला जाणारा एक अनुभव या मालिकेने केंद्रस्थानी आणला. आयुष्यभर जोपासलेले कार्य दुसऱ्याच्या हाती देताना ते आपल्याच पद्धतीने चालणार नाही, हे देणाऱ्याला सोसावे लागते. आणि घेणाऱ्याला उपकाराचे ओझे न होऊ देता ते आपले करावे लागते. प्रारंभी गुहेतील दिवे मालविणारा ब्रूस पुढे रात्रीमागून रात्री त्याच गुहेत दुसऱ्याच्या परतीची वाट पाहत जागा राहतो. नायकाच्या पराक्रमापेक्षा हे जागणे मालिकेच्या प्रेक्षकांच्या अधिक लक्षात राहते.